दशमांश आणि दारिद्र्य : मराठी ख्रिस्ती समाजातील धर्मदानाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी बायबलच्या वाचकास 'दशमांश' हा शब्द अपरिचित नाही. शेतात पिकलेल्या धान्याचा, फळांचा आणि कळपातील वाढीचा दहावा भाग परमेश्वराचा होय, ही त्यामागील मूळ कल्पना. आज हा शब्द प्रामुख्याने पैशातील मिळकतीच्या दहाव्या हिश्श्यासाठी वापरला जातो आणि हा हिस्सा प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या मंडळीस द्यावा, असा उपदेश अनेक ठिकाणी केला जातो. संपन्न कुटुंबापुढे या उपदेशाने फार तर मनाच्या औदार्याचा प्रश्न उभा राहतो. परंतु किराण्याची उधारी, मुलांची फी, औषधपाणी, विजेचे देयक आणि कर्जाचा हप्ता एवढेच ज्या घरात महिन्याच्या मिळकतीतून भागत नाही, त्या घराने काय करावे? दुकानदाराचे देणे थकवून मंडळीचे देणे द्यावे, की मंडळीचे थकवून दुकानदाराचे द्यावे?

हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा वाटतो. तथापि महाराष्ट्रात तो ज्या परिस्थितीत उपस्थित झाला ती पाहिल्यास त्याचे स्वरूप बव्हंशी आर्थिक इतिहासाचे आहे, असे दिसून येते. एतद्देशीय पाळकाचे वेतन कोणी द्यावयाचे, या व्यावहारिक अडचणीतून येथे दशमांशाच्या आग्रहास धार आली. ज्यांच्याकडून तो अपेक्षिला गेला त्यांतील बहुसंख्य लोक भूमिहीन किंवा अल्पभूधारक, दलित जातींतून आलेले आणि सावकाराच्या वहीत अडकलेले होते. प्रस्तुत लेखात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनचा अनुभव केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. वर्धा व नागपूर येथे पुढील काळात जे विचार मांडले गेले, त्यांचा उपयोग कसोटी म्हणून केला आहे.

शास्त्रातील दशमांश

दशमांशाविषयी बोलताना बहुधा मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाचा आधार दिला जातो. दशमांश न देणारे देवाला ठकवतात आणि देणाऱ्यांसाठी आकाशाची दारे उघडतात, असा त्या अध्यायाचा आशय आहे. कर्जबाजारी श्रोत्याच्या मनावर या वचनाचा परिणाम दुहेरी होतो. न दिल्यास चोरीचा दोष आणि दिल्यास भरभराटीची आशा, अशा कात्रीत तो सापडतो. परंतु ज्या व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर मलाखी बोलत होता ती व्यवस्था समजून घेतल्याखेरीज त्या वचनाचा अर्थ लावणे योग्य ठरणार नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात दशमांशाचे विवेचन मुख्यत्वे तीन ठिकाणी आढळते. लेवीय पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात जमिनीचे उत्पन्न, झाडांची फळे व जनावरे यांचा दहावा भाग पवित्र मानला आहे. गणना पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात हा भाग लेवी वंशाला दिला आहे. कारणही तेथेच स्पष्ट होते. इतर वंशांप्रमाणे लेवींना जमिनीत वाटा मिळालेला नव्हता. उपासनेची सेवा हेच त्यांचे वतन होते. अनुवाद पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवून तो लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे यासाठी राखून ठेवण्यास सांगितले आहे.

या तिन्ही ठिकाणी देणारा कोण आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दशमांश पिकावर आणि कळपावर आहे. ज्याच्यापाशी शेत व कळप आहे तोच देणारा. रोजंदारीच्या मजुरीचा उल्लेख या नियमांत नाही. उलट मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, असा स्वतंत्र नियम आहे. ज्याला जमीन नाही तो या व्यवस्थेत घेणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, खाली पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी सोडावा, हा नियमही याच व्यवस्थेचा भाग होय. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, तेव्हा तिच्याकडून त्या सरव्याचा दहावा भाग कोणी मागत नाही.

नव्या करारात येशूच्या तोंडी दशमांशाचा उल्लेख आहे तो परूश्यांवरील टीकेच्या संदर्भात. पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश काटेकोर मोजणारे लोक न्याय, दया व विश्वास यांकडे दुर्लक्ष करतात, ही ती टीका. दोन टोल्या दानपेटीत टाकणाऱ्या विधवेची कथा मात्र गरिबाने द्यावे याचा दाखला म्हणून वारंवार सांगितली जाते. मार्काच्या शुभवर्तमानात या कथेच्या अगदी आधीचे वाक्य विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी आहे. दोन्ही एकत्र वाचल्यास विधवेच्या औदार्याचे कौतुक आणि तिच्याजवळ दोनच टोल्या उरू देणाऱ्या व्यवस्थेचा निषेध, असा दुहेरी अर्थ समोर येतो. व्यासपीठावरून यांपैकी पहिला अर्थच अधिक ऐकू येतो, ही खेदाची बाब आहे.

याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील 'कुर्बान'विषयक उतारा तर प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडणारा आहे. आईबापांच्या पोषणासाठी लागणारे धन देवाला अर्पण केले असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांचा तेथे कडक शब्दांत समाचार घेतला आहे. घरच्या माणसांची तरतूद न करणाऱ्यास पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात दोष दिला आहे. करिंथच्या मंडळीस वर्गणीबाबत लिहिताना पौलाने दहाव्या भागाचा नियम सांगितला नाही. ज्याच्यापाशी जे आहे त्यावरून दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, हे तत्त्व त्याने सांगितले.

करापासून वर्गणीपर्यंत

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत दान ऐच्छिक होते. इ.स. ५८५ मध्ये गॉलमधील माकोन येथील धर्मसभेने दशमांशाचा आग्रह धरला आणि ७७९ मध्ये शार्लमेनच्या फर्मानाने त्यास राज्याचे बळ मिळाले. त्यानंतर युरोपात दशमांश हा जमिनीवरील करच बनला. तो वसूल करून ठेवण्यासाठी बांधलेली प्रचंड कोठारे इंग्लंडच्या खेड्यांत आजही उभी आहेत. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत तो रद्द झाला. आयर्लंडमध्ये १८३० च्या दशकात कॅथलिक कुळांनी प्रॉटेस्टंट चर्चसाठी दशमांश देण्याचे नाकारले व रक्तपात झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूपी दशमांशाचे रोख रकमेत रूपांतर केले.

महाराष्ट्रात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा वारसा याहून किंचित निराळा होता. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरले. त्यांना पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डाची स्थापना १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल पंथीयांनी केली होती. त्या राज्यात पाळकांच्या पोषणासाठी स्थानिक कर घेतला जात असे आणि तो १८३३ पर्यंत चालू राहिला. म्हणजे ऐच्छिक वर्गणीवर चर्च चालविणे हा या मिशनच्या मायदेशातील मंडळ्यांनाही नवा अनुभव होता. जी सवय त्यांना स्वतःला नुकतीच लागत होती, तीच सवय त्यांनी नगर जिल्ह्यातील खेडुतांकडून लवकर अपेक्षिली. याच १८१३ सालच्या सनदी कायद्यान्वये कलकत्त्यास बिशप नेमण्याची तरतूद झाली व त्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. कंपनीच्या साहेबांचे पाळक रयतेच्या साऱ्यातून पोसले जात होते, आणि रयतेतील ख्रिस्ती झालेल्या माणसाला स्वतःचा पाळक स्वतः पोसण्याचा उपदेश होत होता, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे.

नगरचा प्रयोग

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे केंद्र सुरू केले. पुढे हेच केंद्र मिशनच्या ग्रामीण कार्याचा कणा ठरले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघाले. आरंभीच्या धर्मांतरितांत काही ब्राह्मण होते; परंतु संख्येने मोठा वर्ग महार समाजातून आला आणि काही मांग कुटुंबेही त्यात होती.

१८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी भारतातील कार्याची पाहणी केली. मंडळ्या स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक असाव्यात, हे त्यांचे सूत्र प्रसिद्ध आहे. १८५४ मध्येच नगर येथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. एतद्देशीय पाळक झाला म्हणजे त्याचे वेतन आले, आणि स्वावलंबनाच्या सूत्रानुसार ते वेतन अमेरिकेच्या पैशातून येऊ नये, ही अपेक्षाही आली. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धाने बोर्डाची आर्थिक ओढाताण झाली, तेव्हा या अपेक्षेस निकड प्राप्त झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या मंडळ्यांत दशमांशाचा जो पुरस्कार झाला, तो या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे.

अँडरसन यांच्या विचारात तथ्य होते, हे मान्य केलेच पाहिजे. जो पैसा देतो तोच हुकूम चालवतो. परक्या देशातील दात्यांवर अवलंबून असलेली मंडळी स्वतःचा पाळक निवडू शकत नाही, त्याला काढूही शकत नाही. मोफत मिळालेल्या धर्माची आसक्ती सैल असते, हा मुद्दाही निराधार नव्हता. गरिबाला दानातून वगळणे म्हणजे त्याला मंडळीचा धनी न मानता आश्रित मानणे, हा युक्तिवाद पुढे तेलंगणातील दोर्नकलचे बिशप व्ही. एस. अजरय्या यांनी फार जोरकसपणे केला. १९१२ मध्ये बिशप झालेले अजरय्या स्वतः भारतीय होते व त्यांच्या मंडळ्या मुख्यतः माला आणि मादिगा या दलित जातींच्या होत्या. त्यामुळे त्यांच्या आग्रहास परकीयाचा उपदेश म्हणून बाजूला सारता येत नाही.

तथापि नगरच्या परिस्थितीत या सूत्राच्या वाटेत तीन अडथळे होते.

पहिला अडथळा रोकड पैशाचा. महाराचे उत्पन्न परंपरेने बलुत्याच्या रूपाने येई. सुगीच्या वेळी खळ्यावरून मिळणारे धान्य, वतनाची थोडी जमीन आणि मजुरी यांवर त्याचे घर चाले. ख्रिस्ती झाल्यावर गावकीच्या धार्मिक स्वरूपाच्या कामांपासून दूर राहिल्यास बलुते बंद होण्याची भीती असे. म्हणजे मिळकत घटण्याची शक्यता ज्या क्षणी उत्पन्न झाली, नेमक्या त्याच क्षणी मिळकतीचा दहावा भाग मागितला जाऊ लागला. बलुते ही स्वतःच खळ्यावरील वाट्याची पद्धत होती, आणि त्यात महार हा घेणारा होता. लेवीचे स्थान आणि बलुतेदाराचे स्थान यांतील साम्य सहज ध्यानात येण्यासारखे आहे. नव्या व्यवस्थेत हाच घेणारा देणारा झाला.

दुसरा अडथळा मिशनच्या वेतनाचा. मंडळीत नियमित रोख पगार असणारे सभासद म्हणजे बहुधा मिशनच्याच शाळांतील शिक्षक, उपदेशक आणि बायबल स्त्रिया. त्यांच्या पगारातून निघणारा दशमांश म्हणजे बोस्टनहून आलेल्या पैशाचा दहावा भाग पाळकाच्या हाती पोहोचविणे होय. हिशेबाच्या वहीत यास स्वावलंबन म्हणता येते. अर्थशास्त्रीय दृष्टीने ते तसे नव्हते. शिवाय मालकाने नोकराच्या धर्मदानाविषयी आग्रह धरला की त्या दानातील ऐच्छिकता कितपत उरते, हाही प्रश्न राहतोच.

तिसरा व सर्वांत बिकट अडथळा कर्जाचा. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीने दख्खनमध्ये पत वाढली. तेजी ओसरताच सावकारी पाश आवळला गेला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेले दख्खनचे दंगे नगर जिल्ह्यातही पसरले आणि शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. ज्या वर्षांत दशमांशाचा उपदेश होत होता, ती ही वर्षे होत. अशा घरातील रुपया कोणाचा? कायद्याने तो सावकाराचा, भुकेने तो मुलांचा आणि प्रवचनाने त्याचा दहावा भाग मंडळीचा, अशी त्याची तिहेरी वाटणी होती.

येथे एक मराठी योगायोगही नमूद करावयास हवा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा ही कल्पना या प्रदेशाला मुळीच नवी नव्हती. सरदेशमुखी ही शेकडा दहाच्या दराचीच आकारणी होती. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीचा हक्क शाहू महाराजांस मिळाला, आणि त्या सुभ्यांत वऱ्हाडही होते. ग्रामीण माणसाच्या स्मरणात दहावा हिस्सा म्हणजे वरच्या सत्तेने घ्यावयाचा हक्क, अशीच आठवण असणे स्वाभाविक होते. त्यास स्वखुशीच्या दानाचा अर्थ देणे हे सोपे काम नव्हते.

मूठभर धान्य

प्रवचनातील दर दहावा राहिला. परंतु खेड्यातील घरांनी देण्याचा प्रकार बदलला. रोख रकमेऐवजी वस्तू आल्या. कापणीच्या सणास शेतकरी कुटुंबे ज्वारी-बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबडी आणून वेदीजवळ ठेवतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो चढी बोली लावून भोपळा घेतो आणि ज्याच्याजवळ परसातला भोपळाच आहे तो भोपळा देतो. एकाच सणात गरिबाचे दान वस्तूचे व सधनाचे दान पैशाचे होते आणि दोघांपैकी कोणाचाही दहावा भाग मोजावा लागत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत न बोलताही या पद्धतीने देण्याच्या शक्तीचे तत्त्व पाळले आहे.

दुसरा प्रकार मूठभर धान्याचा. स्वयंपाकाच्या वेळी मापलेल्या धान्यातून एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि आठवड्याने ते मंडळीस द्यायचे. दोर्नकलच्या मंडळ्यांत स्त्रियांनी ही चाल रूढ केली. मिझोराममध्ये १९१० पासून तिने चर्चच्या उत्पन्नाचा एक प्रमुख स्रोत निर्माण केला. महाराष्ट्रात ही कल्पना धर्माच्या सीमा ओलांडून गेली आहे. रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी चालविलेला मुष्टिफंड हे त्याचे ठळक उदाहरण. मुठीचे वैशिष्ट्य असे की ती शिजणाऱ्या अन्नातून निघते. ज्या दिवशी चूल पेटत नाही, त्या दिवशी मूठही निघत नाही आणि त्याबद्दल कोणी चोर ठरत नाही.

टिळकांचे घर

दानाचा विचार करताना देणारा एक व्यक्ती म्हणून गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात देते ते घर. या दृष्टीने रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण अभ्यसनीय आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत नगर येथे राहिले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाशी असलेला संबंध तोडून 'देवाचा दरबार' या चळवळीचा आरंभ केला. भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्या पैशापासून मोकळे व्हावे, ही त्यामागील तळमळ होती. अँडरसन यांना अभिप्रेत असलेले स्वावलंबन टिळकांनी स्वतःच्या पगारावर पाणी सोडून आचरणात आणले, असे म्हणता येईल.

त्यांच्या दातृत्वाची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त नोंदली गेली आहे. हातात येईल ते मागणाऱ्यास देऊन टाकणे, निराधार मुलांना घरी आणणे आणि उद्याची चिंता उद्यावर सोडणे हा टिळकांचा स्वभाव. उद्याची चूल कशी पेटवायची, ही विवंचना लक्ष्मीबाईंची. त्यांनी ती कुरकुर न करता, पुष्कळदा विनोदाने सांगितली आहे. म्हणून वाचकाचे लक्ष तिच्या आर्थिक आशयाकडे सहसा जात नाही. धर्मदानाच्या इतिहासाचे साधन म्हणून या आत्मचरित्राचे मोल मिशनच्या अहवालांहून कमी नाही. अहवालात दान जमेच्या रकान्यात दिसते. त्याच दानाचा घरातला खर्चाचा रकाना लक्ष्मीबाईंच्या लेखनात सापडतो. पुरुषाने संकल्प करावा आणि स्त्रीने डाळीत पाणी वाढवावे, ही रीत ख्रिस्ती घरांपुरती मर्यादित नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

वर्ध्याची कसोटी

दशमांशाच्या प्रश्नाकडे राजस्वशास्त्राच्या नजरेने पाहण्याचे साधन एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने विदर्भाच्या भूमीवर उपलब्ध करून दिले. जे. सी. कुमारप्पा (१८९२-१९६०) हे मूळचे तमिळ ख्रिस्ती. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली राजस्वाचा अभ्यास केला. हिंदुस्थानातील सार्वजनिक वित्तव्यवहार आणि दारिद्र्य यांच्या संबंधावरील त्यांचे लेखन गांधीजींनी 'यंग इंडिया'तून प्रसिद्ध केले. गुजरातेतील मातर तालुक्याची त्यांनी केलेली आर्थिक पाहणी शेतसाऱ्याच्या ओझ्याचा लेखाजोखा मांडणारी होती. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्यातील मगनवाडीत त्याचे ठाणे पडले व कुमारप्पा तेथे राहू लागले. १९३९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे नेतृत्वही त्यांनी केले. येशूच्या शिकवणुकीचा आर्थिक अंगाने विचार करणारी दोन पुस्तके त्यांनी लिहिली.

कुमारप्पांचा विषय सरकारी कर हा होता. पण त्यांनी वापरलेली कसोटी दशमांशास तंतोतंत लागू पडते. रकमेचे प्रमाण समान असल्याने ओझे समान होत नाही. दहा रुपये मिळकतीपैकी नऊ रुपये ज्याच्या पोटालाच लागतात, त्याच्याकडून एक रुपया घेणे म्हणजे त्याची सारी शिल्लक घेणे होय. शंभर रुपये मिळविणाऱ्याकडून दहा घेतले तरी त्याच्या ताटातील भाकरी कमी होत नाही. म्हणून आधुनिक राजस्वशास्त्राने निर्वाहापुरते उत्पन्न करमुक्त ठेवून त्यावरील भागावर चढत्या दराने आकारणी करण्याचे तत्त्व स्वीकारले.

विदर्भातील कोरडवाहू शेतीच्या संदर्भात हा मुद्दा अधिक तीव्र होतो. आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावात, ठेक्याने किंवा बटईने जमीन करणाऱ्या एखाद्या कास्तकाराचे उदाहरण कल्पून पाहावे. कापूस विकून त्याच्या हाती १,००,००० रुपये आले. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, ठेक्याची रक्कम व व्याज मिळून ७०,००० रुपये गेले. एकूण रकमेचा दशमांश १०,००० रुपये होतो. घरी उरलेल्या ३०,००० रुपयांच्या हिशेबाने तो दहावा भाग नसून तिसरा भाग आहे. मोशेच्या काळी बियाणे घरचे, खत गोठ्यातले आणि मनुष्यबळ कुटुंबाचे होते. त्यामुळे एकूण पीक आणि निव्वळ लाभ यांत फारसे अंतर नव्हते. उसनवारीच्या भांडवलावर पीक काढणाऱ्या शेतकऱ्यास तोच नियम लावला की नियमाचे शब्द कायम राहून त्याचा अर्थ पालटतो. दशमांश कर्जफेडीपूर्वीच्या रकमेवर की नंतरच्या, हा प्रश्न त्यामुळे किरकोळ तपशिलाचा राहत नाही. त्यात कुटुंबाच्या वर्षभराच्या धान्याचा निकाल लागतो.

इतर धर्मपरंपरांत या अडचणीची दखल घेतलेली दिसते. इस्लाममध्ये जकात शेकडा अडीच असते व 'निसाब' या किमान मर्यादेहून कमी संपत्ती असणाऱ्यास ती लागू होत नाही. उलट दरिद्री व कर्जात बुडालेला मनुष्य जकात घेण्यास पात्र ठरतो. शीख परंपरेतील दसवंध हा ख्रिस्ती दशमांशाप्रमाणे दहावाच हिस्सा आहे. परंतु दारी आलेल्यास लंगरमध्ये विनामूल्य जेवण मिळते, त्यामुळे देण्याघेण्याचे वर्तुळ तेथे डोळ्यांसमोर पूर्ण होते. मोशेच्या नियमांतील तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवण्यामागेही हाच हेतू होता. ख्रिस्ती उपदेशात पहिल्या प्रकारच्या दशमांशाची आठवण राहिली, तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाची मात्र फारशी राहिली नाही.

नागपूर १९५६ आणि त्यानंतर

दलित समाजाने स्वतःच्या धर्मकार्याचा खर्च कसा उचलावा, हा नगरला पडलेला प्रश्न पुढे नागपूर येथे वेगळ्या संदर्भात पुन्हा उपस्थित झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी अनुयायांना आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. ज्यांनी हे ऐकले त्यांत बहुसंख्य महार समाजाचे होते. म्हणजे नगरच्या पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांशी ज्यांचे सामाजिक मूळ एक होते, तेच हे लोक. स्वावलंबनाचे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे. गरिबास दानातून वगळावे, असे बाबासाहेबही म्हणत नाहीत. प्रमाण मात्र निम्मे आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि त्या समाजाच्या घराघरांतील हिशेब आतून जाणणारा माणूस प्रमाण ठरवू लागला, तेव्हा ते दहावे न राहता विसावे झाले, ही गोष्ट बोलकी आहे.

ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत स्वातंत्र्योत्तर काळात पेच अधिक अवघड झाला. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या राहिल्या. त्या १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या मिळाल्या नाहीत. दुसरीकडे परदेशी मिशनांचे साहाय्य ओसरत गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्चची स्थापना झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या याच प्रवाहात आल्या. पाळकाचे वेतन, इमारतींची डागडुजी आणि संस्थांचा खर्च यांचा भार सभासदांच्या वर्गणीवर अधिकाधिक पडू लागला. अँडरसन यांचे स्वावलंबन अशा रीतीने बोर्डाच्या धोरणाने नव्हे, तर मदत आटल्यामुळे वाट्यास आले. शंभराहून अधिक वर्षांनी ते आले तेव्हाही वर्गणी देणाऱ्यांत शिक्षक, परिचारिका, कारकून यांच्या नियमित पगाराची कुटुंबे होती, तशीच हातावर पोट असणारीही होती.

या दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबाकडे दशमांश मागताना मंडळीपुढे शास्त्राचेच दोन भाग उभे राहतात. एक भाग त्या कुटुंबाला देणारा समजतो. दुसरा, म्हणजे अनुवाद पुस्तकातील चौदावा अध्याय, त्याला परदेशी, अनाथ व विधवेच्या पंक्तीला बसवून कोठाराची किल्ली गावाच्या हाती देतो. मंडळीच्या वार्षिक हिशेबात पाळकाच्या वेतनाचा रकाना असतोच. त्याच पानावर सभासदाच्या थकलेल्या औषधाच्या देयकासाठी अथवा मुलाच्या फीसाठी रकाना आहे की नाही, यावरून त्या मंडळीने यांपैकी कोणता भाग वाचला आहे, हे कळू शकते.